फाइल गिऱ्हाइकाची

अक्षरजुळणीचं जे काही मला येतं, ते भोसरीतल्या एका ताईंचं देणं आहे. एमआयडीसीतल्या एका गाळ्यात त्यांचं छोटं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल ही हंगामी कामं. बारमाही काम कारखान्यांचं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ प्रमाणे कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्या लागायच्या. बीड-लातूरकडून आलेला कामगार मशीनपाशी उभा राहून जे मराठी वाचतो ते आपल्या हातून जातं, हे ताईंनी सुरुवातीलाच माझ्या मनावर ठसवलं. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाआधी पोस्टरांची झुंबड उडायची. तरी एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवून तपासायचं, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. “‘हात घालू नये’ मधला ‘नये’ गळला, तर कुणाचा तरी हात जाईल रे,” असं त्या म्हणायच्या.

हे सगळं काम पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. अल्डस या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये ते मॅकिंटॉशसाठी आणलं आणि छापखान्याचं काम टेबलावर आलं. १९९४ मध्ये अल्डस अडोबीत विलीन झाली. मराठी छपाईच्या धंद्यात पेजमेकर आणि एखादं मराठी फॉन्टचं पॅकेज ही जोडी इतकी रुळली, की ‘डीटीपी येतं का?’ याचा अर्थच ‘पेजमेकर येतं का?’ असा होता. पण १९९९ मध्ये अडोबीने इनडिझाइन आणलं, २००१ मध्ये पेजमेकरची ७.० ही आवृत्ती काढली आणि त्यापुढची मोठी आवृत्ती कधी आलीच नाही.

इंग्रजीत काम करणाऱ्याला इनडिझाइनच्या नव्या घरात सामान हलवणं तुलनेने सोपं होतं. आमचं दुखणं वेगळं. पेजमेकरला युनिकोड ठाऊक नव्हतं. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसायचा. पॅकेज चालवायला परवाना तपासणारं एक छोटं लॉक संगणकाच्या मागे लावावं लागे आणि नव्या संगणकांवर ते लॉक लावायला जागाच उरली नाही. इनडिझाइनच्या काही आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडायच्या, पण मराठी मजकूर त्याने सुटत नव्हता. २०१२ च्या सीएस-६ मध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय आली, तोवर आमच्याकडे कपाटभर सीडी साचल्या होत्या.

गिऱ्हाईक चिडायचं आणि त्याचं चिडणं रास्त होतं. एखाद्या वर्कशॉपचा मालक जुन्या सूचनापत्रात एक ओळ बदलून मागायचा आणि आम्ही म्हणायचो, सगळं पुन्हा टाइप करावं लागेल. “पैसे मोजलेत ना मी याचे? मग माझंच काम मला उघडता का येत नाही?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्पादन बंद करण्याचा हक्क बनवणाऱ्याला असतो, हे मी मानतो. पण त्या उत्पादनात लोकांनी आपले हात, डोळे आणि वर्षं ओतलेली असतात. ते काम बाहेर काढायची वाट मोकळी न ठेवता दार लावून घेणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

ताईंनी उत्तर शोधलं ते कष्टाने. दिवसाची कामं आटोपली की जुना संगणक चालू करायचा, एकेक फाइल उघडायची, तिची पीडीएफ करायची आणि मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. कन्व्हर्टर होता, पण पहिली वेलांटी आणि रफार तो हमखास चुकवायचा, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप झालेला असे. म्हणून रूपांतर झालेलं प्रत्येक पान पुन्हा मोठ्याने वाचायचं. मग सीडीवर घालून ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. त्याचे पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत. मी एकदा न राहवून म्हणालो, “ताई, अशाने ही माणसं उद्या दुसऱ्याकडे जातील.” त्या म्हणाल्या, “जाऊ देत. फाइल गिऱ्हाइकाची असते, आपल्याकडे फक्त ठेवायला दिलेली.”

काही गिऱ्हाइकं खरंच गेली. ताईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. ज्या जबाबदारीचं ओझं बनवणाऱ्याने उचलायला हवं होतं, ते भोसरीतल्या एका बाईने स्वतःच्या संध्याकाळी खर्चून उचललं, हे मी जवळून पाहिलं.

आज चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी मी मराठी माहितीपुस्तिका आणि सूचनाफलक करतो. सॉफ्टवेअर आता महिन्याच्या भाड्यावर मिळतं. भाडं थांबलं की तेही थांबतं. म्हणून प्रत्येक कामाबरोबर छापायची पीडीएफ, युनिकोडमधला साधा मजकूर आणि मूळ चित्रं असा संच मी न मागता देतो, आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना तो द्यायला लावतो. ताईंनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. त्यांचं देणं मी अशाच रीतीने, पुढच्या माणसाकडे फेडू शकतो.