मसणातलं पाणी

"कुठलं पाणी म्हणालीस?" आईनं फोनवर दोनदा विचारलं. व्हिडिओत माझ्यामागं दगडी भिंत, सायप्रसची दोन झाडं आणि ओळीनं क्रूस दिसत होते, त्यामुळं थाप मारायला वाव नव्हता. "दफनभूमीतलं," म्हणाले. साताऱ्यात दिवेलागणीची वेळ, आणि पोरगी परदेशात मसणातल्या नळाखाली बाटली धरून उभी. आई जरा वेळ गप्प झाली. "घरी गेल्या गेल्या आंघोळ कर, डोक्यावरून," एवढं बोलून तिनं फोन बाबांच्या हातात दिला.

घर अजून दहा किलोमीटर सायकल आणि तासभर रेल्वे एवढं लांब होतं.

ल्यों शहरात मला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली आठ वर्षं फ्रान्स म्हणजे मेट्रो, ऑफिस, सुपरमार्केट आणि राहण्याच्या परवान्यासाठी लागणारी कागदांची चळत. शहराबाहेरचा देश टीजीव्ही रेल्वेच्या खिडकीतून दिसायचा, तोही ताशी तीनशेच्या वेगानं, म्हणजे दिसायचाच नाही. मग वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनी त्यांची जुनी सायकल मला दिली. बाई निवृत्त शिक्षिका, वय 67, पाय माझ्यापेक्षा मजबूत. सायकलीबरोबर त्यांनी दोन धडे दिले. पहिला व्हॉल्वचा. इथल्या बारीक फ्रेंच व्हॉल्वच्या टोकाला मुगाएवढी पितळी चकती असते, ती सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. लहानपणी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर वॉलट्यूब बदलून घेताना सगळं बघून ठेवलेली मी, पहिल्या दिवशी दहा मिनिटं नुसता पंप हाणत बसले होते. दुसरा धडा पाण्याचा: बाटली संपली की कॅफे शोधू नकोस, दफनभूमी शोध.

हे पचायला वेळ लागला. संगम माहुलीच्या स्मशानातून माणसं परतली की त्यांना दाराबाहेरच थोपवून अंगावर पाणी ओतणाऱ्या घरातली मी. पण बाईंचा हिशेब चोख होता. फ्रान्समध्ये कम्यून जवळजवळ 35 हजार. कम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा, फक्त पॅरिससुद्धा त्यात एकच मोजतात. वस्ती शंभर-दोनशे माणसांची असली तरी तिची स्वतःची दफनभूमी बहुधा असतेच. नेपोलियनच्या राजवटीत, 1804 साली, मृतांना वस्तीबाहेर पुरावं असा हुकूम निघाला, म्हणून ती गावाच्या कडेला रस्त्यालगत सापडते. थडग्यांवरच्या कुंड्यांना पाणी घालायचं तर नळ हवा. तो पंचायतीचा, म्हणून फुकट. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी वर नाही ना, एवढं बघायचं. थोडक्यात, दर चार-पाच किलोमीटरला पाणपोई, फक्त तिथं वाढपी कुणी नाही.

तर पाँतकोतचा सोमवार, ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचा दिवस. सकाळच्या गाडीत सायकली टांगून आम्ही दोघी माकोंला उतरलो. तिथून क्लूनीकडं जाणारी वाट म्हणजे मोडीत काढलेली रेल्वे. रूळ उचलले, डांबर घातलं, स्टेशनं तशीच ठेवली. फ्रेंचमध्ये अशा वाटेला 'व्वा व्हेर्त' म्हणतात, हिरवी वाट. पहिल्या शब्दाचा उच्चार आपल्या व्वासारखाच, त्यामुळं नावातच दाद. क्लूनीच्या पुढचा जीव्रीपर्यंतचा 44 किलोमीटरचा तुकडा 1997 साली खुला झाला. फ्रान्समधली ही अशी पहिली वाट. नंतर देशभर जुन्या रेल्वेमार्गांना हेच नशीब लाभलं.

आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून ही वाट सपाट असणार असं मी धरून चालले होते. ती सपाट दिसते खरी. पण अर्ध्या तासानं मांड्या भरून आल्या आणि ब्रेक घासतोय की काय म्हणून मी दोनदा उतरून चाक फिरवून बघितलं. चाक मोकळंच होतं. अशा न दिसणाऱ्या चढाला इथले सायकलवाले 'फो-प्ला' म्हणतात, खोटा सपाट. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट निदान तोंडावर सांगतो की मी घाट आहे.

डावीकडं सोल्युत्रेचा सुळका होता. मितराँ राष्ट्राध्यक्ष असतानाही दर पाँतकोतला तो चढायचे, आणि मागं पत्रकारांचा तांडा धापा टाकत. अलीकडं द्राक्षमळे, पुढं ब्वा क्लेअरचा बोगदा, 1.6 किलोमीटर लांब. बाहेर उन्हानं हँडल तापलेलं आणि आत शिरताच दंडावर काटा. वटवाघळांची झोपमोड होऊ नये म्हणून हिवाळ्यात हा बोगदा बंद ठेवतात, आणि सायकलवाले मुकाट्यानं डोंगरावरून जातात.

क्लूनीला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. इथला मठ 910 सालचा. 1088 मध्ये त्याचं तिसरं चर्च बांधायला घेतलं, ते झालं 187 मीटर लांब. रोमचं सेंट पीटर नव्यानं उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. राज्यक्रांतीनंतर 1798 मध्ये ते विकून टाकलं आणि घेणाऱ्यांनी त्याची खाण केली. सुरुंग लावायचे, दगड विकायचे. 1823 पर्यंत हे काम चाललं. आज दहावा हिस्साही उरलेला नाही. जो उरला, त्यातल्या अष्टकोनी मनोऱ्याचं नाव 'पवित्र पाण्याचा मनोरा'. मी वर बघत असताना बाई माझी बाटली हलवून म्हणाल्या, यातलं आधी बघ.

बघायला हवंच होतं. कारण सुट्टीच्या सोमवारी खेड्यातला फ्रान्स असा बंद असतो की चोराचीही निराशा व्हावी. कोर्मातँच्या बेकरीचं शटर खाली. पुढच्या गावात बेकरीच नव्हती, तिच्या जागी ब्रेडचं यंत्र होतं. नाणी टाकली की खणातून बगेट, म्हणजे लांबडा पाव, धाडकन खाली येतो. बरा निघाला. बाईंनी आख्खा रस्ताभर त्याला शिव्या घातल्या आणि अर्ध्याहून जास्त त्यांनीच खाल्ला.

घरं मात्र बघत राहावं अशी. पिवळसर दगड, उतरतं कौल, वर लाकडी ओसरी, दाराशी जांभळे आयरिस. शापेझला हजार वर्षांपूर्वीचं चर्च आहे, चिमुकल्या गावाच्या मानानं मनोरा इतका उंच की लांबून वाटतं, मागं शहर असणार. शहर नाही. मागं कुरणं आणि शारोलेची पांढरी गुरं. खिडक्यांची झडपं लावलेली. कुत्रं भुंकलं तर बरं वाटावं इतकी शांतता. कॅलेंडरवर असतात ती फ्रेंच गावं ही अशीच, आणि फोटोत माणूस का नसतो याचं उत्तर तिथं गेल्यावर मिळतं. तरुण मंडळी माकोंला, दिजोंला, ल्योंला. काही घरं तर फक्त ऑगस्टपुरती उघडणारी.

प्रत्येक गावात एक यादी असते. चौकात दगडी खांब, त्यावर '1914–1918' आणि खाली नावं. एका गावात मी मोजली, एकतीस. एकाच आडनावाचे तिघे, एकाखाली एक. त्या युद्धात फ्रान्सचे 13 लाखांहून जास्त सैनिक गेले हे शाळेत वाचलं होतं, पण गावातून सायकलीनं जाताना दिवसभरात भेटली त्याहून जास्त माणसं त्या एका खांबावर होती. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी हे गाव आठवलं. तिथंही त्याच युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "तुमच्याकडची माणसं इथं कशाला आली होती?" उत्तर लांबलचक होतं आणि पुढं ब्राँसिओंचा चढ होता.

ब्राँसिओं म्हणजे डोंगराच्या खांद्यावर किल्ला, चर्च, जुन्या बाजाराची लाकडी ओसरी आणि मोजकी घरं. तिथं रेल्वे कधीच गेली नाही, त्यामुळं तो चढ खरा. मी सायकल सगळ्यात हलक्या गिअरवर टाकून मुंगीसारखी चालले. लाज वाटली की मला वेलोसिओ आठवतो. खरं नाव पॉल द व्हिवी, ल्योंजवळच्या सेंत-एतिएनचा. फ्रान्सभर सायकलीनं फिरण्याचं वेड याच माणसानं रुजवलं. शर्यतवाले गिअर बदलण्याला बायकी समजत तेव्हा हा गिअरचा कैवार घ्यायचा, आणि शाकाहारी राहून तरण्या पोरांना मागं टाकायचा. 1930 मध्ये तो गेला. तूर द फ्रान्समध्ये गिअरला परवानगी मिळाली 1937 मध्ये. शाकाहाराचा भाग आईला सांगितला तेव्हा तिचं फ्रान्सबद्दलचं मत थोडं सुधारलं होतं.

माथ्यावर दोन्ही बाटल्या रिकाम्या. उतारावर पुढच्या एका गावात सायप्रसची टोकं दिसली आणि आम्ही वळलो. फाटक ढकललं, खडीवर सायकली टेकवल्या. नळ भिंतीला, खाली दगडी डोण, खिळ्याला टांगलेल्या चार हिरव्या झाऱ्या. बाई सावलीत आडव्या झाल्या. मी तोटी फिरवणार एवढ्यात मागून आवाज आला, "आत्ताच पिऊ नका."

मागं काठी टेकत आलेल्या एक आजी होत्या. हातात पाचवी झारी. पाण्यात काही दोष असेल म्हणून मी थबकले. आजींनी झारी तोटीखाली धरली. "नळी भिंतीवरून येते. पहिलं पाणी उन्हानं कढत असतं, ते जेरेनियमला चालतं." झारी भरल्यावर त्यांनी पाण्याखाली बोट धरलं, थांबल्या, पुन्हा धरलं. मग मान हलवली.

त्यांची झारी मी उचलून नेली. दुसऱ्या ओळीत करडा संगमरवर, त्यावर नवऱ्याचं नाव, दोन सालं. शेजारी त्यांचंही नाव कोरलेलं, जन्मसाल 1938, पुढं आडवी रेघ, पुढं कोरा दगड. माझी नजर तिथं थांबलेली त्यांनी पाहिली. "दोन्ही नावं एकदम कोरली की स्वस्त पडतं," त्या म्हणाल्या, आणि मी कुठली, असं विचारलं. भारत म्हटल्यावर तिकडं माणसांना कुठं ठेवतात, असं विचारलं. ठेवत नाही, जाळून राख नदीत सोडतो, म्हणाले. आजींनी यावर विचार केला. "मग फुलांना पाणी कोण घालतं?"

मी बाटली भरायला परत नळाकडं वळले. पाणी दात शिवशिवतील इतकं गार लागलं. तेवढ्यात फोन वाजला. आईचा व्हिडिओ कॉल.