परक्याचं बाळंतपण

बाळगुटीच्या डब्यात मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड यांच्याबरोबर बोराएवढी एक टणक, खडबडीत गोळी असते: मायफळ. सहाणेवर आईच्या दुधात त्याचे दोन वेढे घ्यायचे, हे कितीतरी घरांतल्या बायकांच्या हाताला पाठ असतं. हे मायफळ फुलातून धरत नाही आणि त्याच्यात बीही नसतं. तुर्कस्तान, सीरिया, इराण या पट्ट्यात ओकची एक बुटकी जात वाढते. तिच्यावर एक इवलीशी गांधीलमाशी अंडं घालते आणि त्या जागी ही गाठ येते.

ही माशी मुंगीहून फारशी मोठी नाही, डंखही मारत नाही. ओकच्या कोवळ्या डोळ्यात ती अंडं ठेवते आणि निघून जाते. अळी वाढू लागली की जिथून फांदी फुटायची, तिथे झाड एक गोल कोठडी घडवू लागतं. मधोमध अळी, तिच्याभोवती तिला खाता येईल असा पौष्टिक पेशींचा मऊ थर, आणि सगळ्यांत बाहेर जाड, तुरट कवच. अळी आतला थर खाते आणि झाड तो पुरवत राहतं. सामान सगळं झाडाचं, आराखडा मात्र माशीचा! एकाच ओकवर एका जातीची माशी गोटीसारखी गाठ घडवून घेते, दुसरी स्पंजासारखी फुगीर, तिसरी पानाखाली चपट्या टिकल्या. जाणकार नुसत्या गाठीवरून माशीची जात सांगतात.

गाठीतल्या अळ्या ही माशांची मुलं आहेत हे माणसाला फार उशिरा कळलं. सडत्या मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, माशांच्या अंड्यांतूनच येतात, हे इटलीच्या फ्रान्चेस्को रेदी यांनी 1668 साली प्रयोगाने दाखवलं. पण ओकची गाठ फोडली की आत अळी दिसायची आणि बाहेर भोक नसायचं. तिथे रेदींनीच अपवाद केला. झाडातली जी शक्ती फळं घडवते तीच या अळ्यांना जन्म देते, असं त्यांनी मानलं. पुढे 1679 मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांनी गाठीचं मूळ कीटकाच्या अंड्यात असल्याचं लिहिलं आणि प्रश्न मिटला. तरी मला रेदींविषयी फार जिव्हाळा वाटतो. अळीला जन्म माशीच देते, हे खरंच. पण अंडं सोडून माशी गेल्यावर त्या पोराला घास भरवणारं, तुरट भिंतीआड जपणारं झाडच असतं. रेदींचं उत्तर चुकलं, पण नजर बरोबर जागी होती.

गाठी घडवून घेणाऱ्या या माशांच्या पुष्कळ जातींचं चक्र तर आणखी विलक्षण. एका पिढीत नर-मादी दोन्ही असतात, पुढच्या पिढीत फक्त माद्या, आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. दोन्ही पिढ्यांची रूपं वेगळी, गाठीही वेगळ्या. म्हणून आई आणि लेक या निराळ्या जाती समजल्या जात. 1881 मध्ये हेर्मान आडलर या जर्मन डॉक्टरांनी या पिढ्यांची नाती नीट जुळवून दाखवली.

बाळगुटीतल्या याच मायफळाचा अर्क, हिराकस आणि डिंक यांची शाई युरोपने शतकानुशतकं वापरली. कागदावर उतरताना ती फिकी असते आणि हवा लागली की काळी होत जाते. बाखच्या संगीताची हस्तलिखितं याच शाईतली. आता तीच शाई त्यांचा कागद खाते आहे. शाईवाल्यांची पसंती बिनभोकाच्या मायफळाला, कारण त्यात टॅनिन अधिक. भोक नाही याचा अर्थ माशी अजून आतच आहे. कितीतरी अक्षरांसाठी या माशा जन्मण्याआधीच गेल्या, हे वाचताना मी थबकले होते.

ओक आपल्या दारात नाही, पण गाठी आहेत. बाळगुटीतली काकडशिंगी ही हिमालयातल्या एका झाडावर माव्याने आणलेली गाठच. आणि रस्त्याकडेच्या सप्तपर्णीची पानं पाहा, टपोऱ्या फोडांनी भरलेली असतात. तीही एका छोट्या किड्याची घरं. रोग पडला म्हणून फवारणीचा पंप मागवण्याआधी त्यातली एक गाठ नखाने उघडा आणि भिंगातून आत बघा.