हिरड्याचा अर्क तपासताना

हिरवा हिरडा लोखंडी विळीने चिरला की पातं काळंनिळं पडतं. प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून आम्ही तेच बघतो. टॅनिन आहे, आणि भरपूर आहे.

या टॅनिनमुळेच हिरडा तपासायला अवघड जातो. अँटिऑक्सिडंट गुण तपासायच्या डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात अर्क पडला की बघता बघता पिवळेपणा येतो, ५१७ नॅनोमीटरवरचं वाचन घसरतं आणि नवख्या विद्यार्थ्याचा चेहरा खुलतो. पण हे नळीत घडलं. पोटात गेल्यावर त्यातलं किती अंगी लागतं, ते ही चाचणी सांगत नाही. अर्क एन्झाइमला रोखतो का, हे तपासताना तर फारच जपावं लागतं. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. म्हणून एन्झाइमच्या चाचणीत मी अल्ब्युमिन हे दुसरं प्रथिन घालून पुन्हा बघते. अर्काचा जोर तिथे ओसरला, तर ‘एन्झाइमरोधक’ हा शब्द अहवालात येऊ देत नाही.

जिवाणूंवरच्या चाचणीचंही तसंच. आगरच्या बशीत टॅनिनचे मोठे रेणू हळू पसरतात, त्यामुळे लहान वर्तुळ म्हणजे कमजोर अर्क असं नव्हे. द्रव माध्यमात रेझाझुरिन हा निळा रंग घालून पाहावं. जिवाणू जगले तर निळ्याचा गुलाबी होतो. मात्र हिरड्याचा अर्क स्वतःच रंग पालटवू शकतो, तेव्हा जिवाणूंशिवाय नुसत्या अर्काचा खळगा शेजारी हवाच. नुसत्या द्रावकाचाही.

एवढं करूनही नमुनाच धड नसेल तर सगळं फुकट. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात झाडावर चढून बाळहिरडा उतरवतात, उन्हात काळा होईपर्यंत वाळवतात. आठळी कठीण होण्याआधीचं ते फळ. पिकलेल्या हिरड्याशी त्याचं रसायन जुळेलच असं नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात इथली कितीतरी हिरड्याची झाडं मोडली. त्या घरांचं वर्षाचं उत्पन्न गेलं. बाजारातून पुडी आणून ‘हिरडा’ एवढंच लिहिणाऱ्या शोधनिबंधांत यातलं काहीच दिसत नाही.

माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती: गाव, महिना, बाळ की पिकलेला, आणि वनस्पतिसंग्रहातला नमुना क्रमांक लिहा. गोळा करण्याआधी गावाच्या जैवविविधता समितीला सांगा आणि निकाल हाती आले की ते मराठीत लिहून तिथे पोचवा.