खाडीकाठची कोल्हेकुई

मराठी माणसाने भाषेतून कोल्ह्यावर जितका अन्याय केला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही जनावरावर क्वचितच केला असेल. विरोधकाचे भाषण रुचले नाही की ती कोल्हेकुई. काकडीला राजी होतो तो कोल्हा. द्राक्षे आंबट म्हणतो तोही कोल्हाच! वास्तविक इसापाच्या त्या गोष्टीतले जनावर कोल्हा नव्हेच. ते आपल्या खोकडाचे विलायती भाऊबंद. भाषांतरकारांनी त्याचा कोल्हा करून टाकला आणि खरा कोल्हा कोण, हे आमच्या शहरी मुलांना कळेनासे झाले. पिवळसर तपकिरी रंगाचा, लांडग्याहून लहान, रात्री सुरात सूर मिसळून ओरडणारा तो खरा कोल्हा. हा प्राणी ठाण्याच्या खाडीत आजही नांदतो असे सांगितले, तर डोंबिवलीतले आमचे शेजारी 'मास्तर गोष्ट सांगताहेत' अशा कौतुकाने पाहतात.

ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी हिवाळ्यात एखाद्या दुपारी डोंबिवलीहून धीमी लोकल पकडावी. दिवा मागे पडले की उजव्या हाताला खाडी आणि डाव्या हाताला मुंब्र्याचा डोंगर सोबत करू लागतो. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ऐरोली गाठावी. तेथून खाडी जवळच. या खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळीचा जागतिक मान मिळाला. लोक येतात ते रोहित पक्ष्यांसाठी. मचव्यातून फिरतात, गुलाबी थव्यांची छायाचित्रे काढतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. कोल्ह्याचा दिवस तेव्हा कुठे उजाडत असतो. तिवरांच्या मुळांतून चिंबोऱ्या धरायच्या, उंदीर टिपायचे, बांधावर कोणी टाकलेले उष्टेखरकटे हुंगायचे, असा त्याचा संसार. गावाकडचा कोल्हा काकडीला राजी असेल. खाडीवरचा चिंबोरीला राजी आहे.

गेल्या हिवाळ्यात मी तेथे गेलो तो माझ्या एका माजी विद्यार्थ्याबरोबर. हा आता छायाचित्रे काढत हिंडतो. अंधार पडू लागला तसा त्याने पिशवीतून मूठभर आकाराचा एक ध्वनिक्षेपक काढून जेटीच्या कठड्यावर ठेवला.

"सर, कोल्ह्यांचे आवाज आहेत यात. वाजवला की पाच मिनिटांत समोरून उत्तर येईल. कदाचित स्वारी काठावरसुद्धा येईल."

"आणि आली तर?"

"फोटो!"

त्याच्या हातातल्या डबीचे मूळ घराणे शिकाऱ्यांचे आहे. अमेरिकेत कायोटी नावाचे जनावर आहे. ते लांडग्या-कोल्ह्यांच्याच गोतातले, अंगलटीने आपल्या कोल्ह्याहून थोडे मोठे. त्याच्या शिकारीसाठी तिकडे पूर्वी तोंडाने फुंकायच्या शिट्ट्या होत्या; मग जखमी सशाच्या किंकाळ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या आल्या; आणि आता दुरून कळ दाबून चालवायची विजेची पेटी आली आहे. तिच्यात सशाचा आकांत, पिल्लांचे केविलवाणे ओरडणे, नर-माद्यांच्या हाका असे शेकडो आवाज भरलेले असतात. पेटीशेजारी एक काडी, काडीच्या टोकाला केसाळ चिंधी, आणि ती मोटारीवर तडफडल्यासारखी हलत राहते. कायोटी मोठा सावध. आवाजाकडे तो सरळ येत नाही. वळसा घालून, वारा नाकावर घेत, वास तपासत येतो. म्हणून शिकारी पेटी दूर ठेवतो आणि स्वतः अशा जागी बसतो की, तो वळसा त्याच्या बंदुकीच्या टप्प्यातून जावा. चिंधीचे काम एवढेच की, जनावराची नजर त्या शेवटच्या क्षणी माणसाकडे वळू नये.

हे वाचून अमेरिकनांच्या नावाने बोटे मोडण्याचे कारण नाही. ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणहून नाशिकची गाडी धरली की तीन-साडेतीन तासांत आपण पंचवटीच्या गावात पोचतो. तिथल्या कथेतल्या मारीचाने काय केले? आधी सोनेरी हरणाचे सोंग घेतले आणि मग मरता मरता रामाच्या आवाजात हाक मारली. सोंगाला राम भुलला नसेलही, पण सीता भुलली; आणि आवाजापायी लक्ष्मणाला आश्रम सोडून जावे लागले. चिंधी आणि पेटी, दोन्ही एकाच माणसाने वापरली! चालुक्य राजा सोमेश्वराचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' आम्ही वर्गात शिकवतो तो त्यात मराठीच्या जुन्या ओळी सापडतात म्हणून. पण त्याच ग्रंथात मृगयेचे सविस्तर प्रकरण आहे, आणि माणसाळवलेली हरणे पुढे करून रानातली हरणे जवळ आणण्याची रीत त्यात आहे. (सोमेश्वराचे कल्याण म्हणजे आपले रेल्वे जंक्शन नव्हे, ते बिदरकडचे बसवकल्याण. हा घोटाळा परीक्षेत दरवर्षी होतो.) फासेपारधी पाळलेल्या तित्तिराच्या आवाजावर रानातले तित्तीर बोलावीत आणि फाशात धरीत. त्यांचे पोट त्यावर होते, ही गोष्ट विसरू नये. जिम कॉर्बेटने तर १९३८ च्या नोव्हेंबरात ठाक गावच्या नरभक्षक वाघिणीला स्वतःच्या गळ्यातून वाघाची साद घालून समोर आणले.

आता कायद्याकडे पाहा. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. धरणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सारे शिकारीतच जमा होते. त्याहून मला विलक्षण वाटली ती 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या. बंदूक, धनुष्यबाण, सुऱ्या, जाळी, विष यांच्या पंक्तीला जनावराला भुलवू शकणारे कोणतेही साधन तिथे बसवले आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आला आहे. कठड्यावरची ती निरुपद्रवी डबी कोणत्या पंक्तीला बसते, हे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा तो हसला. "सर, मी काय मारणार आहे त्याला?"

त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. युरोपात अभ्यासक कोल्ह्यांची गणती अशीच करतात. ठरावीक ठिकाणी कोल्हेकुई वाजवायची, थांबायचे, कोणत्या दिशेने किती कळप उत्तर देतात ते मांडायचे. पण तो अभ्यास नेमाने, परवानगीने आणि मोजून-मापून होतो. हौसेला माप नसते. ठाण्याच्या येऊरच्या रानात जूनमध्ये नवरंग पक्षी येतो. त्याची दोन सुरांची शीळ मोबाइलवर वाजवून त्याला फांदीवर आणणारे हौशी मी स्वतः पाहिले आहेत. बिचाऱ्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो गाणे सोडून, खाणे सोडून भांडायला येतो आणि प्रतिस्पर्धी कुठेच दिसत नाही. एक तुकडी गेली की दुसरी येते, पुन्हा तीच शीळ. विणीचा हंगाम उणापुरा पावसाळ्याएवढा. त्यातल्या किती सकाळी या न दिसणाऱ्या शत्रूपायी जाव्यात?

कोल्ह्याची गोष्ट याहून अवघड आहे, कारण ओ देणे त्याच्या रक्तात आहे. पंचतंत्रातला निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा आठवा. सिंह-वाघांनी त्याला राजा मानले होते, सारे काही मिळाले होते. एका रात्री दूरवर भाऊबंदांनी सूर लावला आणि महाराजांना राहवले नाही. मान वर करून त्यांनीही ओरडून घेतले आणि जीव गमावला. लहानपणी मला त्यात ढोंगाची फजिती दिसे. आता वाटते, त्या बिचाऱ्याच्या हातून घडलेली ती एकमेव खरी गोष्ट होती.

आमचे बोलणे शेजारी जाळे सावरत बसलेला एक म्हातारा कोळी ऐकत होता. मी विचारले, "नाखवा, वाजवले तर येतील का हो?"

"येतील की," तो म्हणाला. "पण आधी कुत्री येतील."

बांधावर झोपड्यांच्या कडेला भटक्या कुत्र्यांची टोळी होती. कोल्हा ओरडला की ती तिवरांत घुसतात, ओहोटी असली तर पार चिखलापर्यंत पाठलाग करतात, असे त्याने सांगितले. मला चेंबूर-ट्रॉम्बेकडची २०२४ ची बातमी आठवली. तिकडच्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. कुत्रा चावला की कोल्हा, कोल्हा चावला की माणूस. खाडीच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात तिघांमध्ये अंतर ते किती? पेटीतल्या आवाजाला कोल्हा फसेल, तसा कुत्राही फसेल, आणि त्या दोघांची गाठ खरीच पडेल.

मुलाने डबी उचलली नाही, पण कळही दाबली नाही. आम्ही तसेच बसून राहिलो. भरती चढू लागली होती. पलीकडे मुलुंडचे दिवे लागले. डोंबिवलीला आमची आजी संध्याकाळी भालू ओरडली की देवापुढचा दिवा सारखा करीत असे. तेव्हा रुळांपलीकडे नुसती शेते होती. भालू म्हणजे म्हातारी कोल्ही, हे मला पुष्कळ वर्षांनी शब्दकोशात सापडले.

साडेसातच्या सुमारास ऐरोलीच्या पुलावरून एक रुग्णवाहिका भोंगा वाजवीत गेली. तो चढता-उतरता सूर खाडीवरून पसरला आणि विरायच्या आत तिवरांतून एक बारीक, लांब हाक उठली. मग दुसरी. मग चार-पाच आवाज एकात एक मिसळून गेले. बांधावरची कुत्री ताडकन उठून उभी राहिली.

"रोज चालतं हे," जाळे खांद्यावर टाकीत नाखवा म्हणाला. "गाडी गेली की सुरू होतात."