नैरोबीतील कुरळे केस

गेल्या वर्षी कन्येकडे नैरोबीस दोन महिने राहण्याचा योग आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हालार भागातील ओसवाल बांधव व्यापारानिमित्त या देशात येत राहिले, त्यामुळे परक्या भूमीतही देवदर्शन व सात्त्विक भोजन यांची उणीव भासली नाही. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, हे ऐकून तर गंमतच वाटली. परंतु मनात राहिली ती एक निराळीच बाजारपेठ.

एका शनिवारी कन्या व तिच्या कार्यालयातील एक केनियन भगिनी मला केन्याटा मार्केटमध्ये घेऊन गेल्या. तेथे केशरचनेची छोटी छोटी दुकाने ओळीने आहेत. एकेका स्त्रीच्या मस्तकाभोवती दोन-तीन कारागीर स्त्रिया एकाच वेळी वेण्या घालीत होत्या. त्या भगिनीने मला ‘वीव्ह’चा प्रकार समजावून सांगितला. प्रथम स्वतःच्या केसांच्या, शेतातील सरींसारख्या, टाळूलगत घट्ट वेण्या घालायच्या. मग त्यांवर सरळ, लांब केसांच्या पट्ट्या सुई-दोऱ्याने शिवायच्या. ओढ फार बसली, तर कानशिलांजवळचे केस विरळ होतात. काही स्त्रिया तीव्र रसायनाने केस सरळ करतात. त्याने कधी टाळूही भाजते.

बँकेतील जुन्या सवयीने मी व्यापाराची चौकशी केली. स्वस्त पट्ट्या कृत्रिम तंतूंच्या, महाग पट्ट्या मानवी केसांच्या. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते व ते परदेशी जातात. 2011 मध्ये मुंबईच्या गोदरेज कंपनीने ‘डार्लिंग’ या आफ्रिकेतील केशव्यवसायात भागीदारी घेतली. म्हणजे या बाजाराशी आपलाही संबंध आहे.

त्या भगिनीचे स्वतःचे केस मात्र आखूड, दाट व कुरळे होते. नोकरीच्या आरंभी वडीलधाऱ्यांनी तिला ‘नीटनेटके’ म्हणजे सरळ केस, असे बजावले होते. “बारा वर्षे मी माझे केस पाहिलेच नाहीत,” ती म्हणाली. एके दिवशी तिची लहान मुलगी डोक्यावर टॉवेल बांधून ‘माझे लांब केस’ असा खेळ खेळताना दिसली. त्याच आठवड्यात तिने पट्ट्या उसवल्या.

अशा स्त्रिया आता अनेक आहेत. 2014 मध्ये केनियन अभिनेत्री लुपिता न्योंगो हिने आखूड, नैसर्गिक केसांनिशी ऑस्कर स्वीकारले. 2016 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे शाळकरी मुलींनी केसांविषयीच्या नियमांविरुद्ध निदर्शने केली. वेण्यांसाठी कृत्रिम तंतू आजही खपतो. पण खोबरेल, शिया बटर व रुंद दातांचे कंगवेही दुकानांत मांडलेले दिसले.

घरी परतताना मी गप्प होतो. माझ्या कन्येचे केसही कुरळे. स्थळ पाहायला येणार म्हणून ते सरळ करून घेण्याचा आग्रह मीच धरला होता, आणि तेव्हाचे छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात आजवर मिरवत होते. रात्री मी तो विषय काढला. ती हसून म्हणाली, “अण्णा, त्या फोटोतली मुलगी मला कधीच माझी वाटली नाही.”

मायदेशी आल्यावर ती तसबीर मी उतरवली. तिच्या जागी आता नैरोबीच्या अंगणात काढलेला, वाऱ्यावर विस्कटलेल्या कुरळ्या केसांचा फोटो आहे. लेकीसुनांना ‘जरा नीट दिस’ असे सांगताना आपण नेमके काय मागतो, याचा वाचकांनीही विचार करावा, एवढीच विनंती.