खंडणीचे पत्र आणि कथनाचा अधिकार

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. ‘अमुक गल्लीच्या तोंडाशी, रात्री दहाला, पैसे घेऊन एकट्याने यावे’ हे अपहरणकथेतले ठरीव वाक्य अशा वस्तीत वर्णनावाचून उभे राहते. स्थळ, वेळ आणि रक्कम यांवर या कथाप्रकाराची सारी उत्कंठा तोललेली असते. तिच्या मुळाशी मात्र एक अनुच्चारित संकेत आहे : मुदत संपेपर्यंत ओलीस जिवंत असतो. पाठलागाला आणि हाणामारीला अर्थ येतो तो त्यामुळेच. एका परीने ही गुन्हेगाराच्या शब्दावर ठेवलेल्या विश्वासाची कथा असते.

जानेवारी १९७६ मध्ये पुण्यात हा संकेत मोडला. अभिनव कला महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी आपल्याच सहाध्यायाला पळवले. आपण घर सोडून जात आहोत, अशी चिठ्ठी त्याच्याकडून जबरदस्तीने लिहवून घेतली. गळा आवळून त्याला मारले, प्रेत पेशवे पार्कच्या तळ्यात टाकले. आणि त्यानंतर त्याच्या वडिलांना खंडणीचे पत्र धाडले. पुढे जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखल्या गेलेल्या मालिकेतील हा पहिला खून.

या दोन संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात. चिठ्ठीत हस्ताक्षर मुलाचे, शब्द मारेकऱ्यांचे. पत्रात मागणी खरी, वचन खोटे. रोलां बार्थने मांडलेला ‘लेखकाचा मृत्यू’ येथे रूपक राहत नाही.

मग ही कथा सांगितली कोणी? न्यायालयात माफीचा साक्षीदार बोलला. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथन लिहिले. राजदत्त यांच्या १९८६च्या चित्रपटाचे नावच ‘माफीचा साक्षीदार’. या प्रकरणावरून सुचलेल्या अनुराग कश्यप यांच्या ‘पाँच’मध्ये तर अपहृत मित्रच सुरुवातीला बनावात सामील असतो, म्हणजे कल्पित कथेने बळीला संमतीही देऊ केली. प्रत्यक्षातील बळीच्या वाट्याला मात्र एकच लेखन आले, तेही दुसऱ्याने सांगितलेले.

रहस्यकथेला सवंग म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तिचे उणेपण भडकपणात नसून, ओलिसाला ती केवळ परत मिळवायची वस्तू मानते, यात आहे. क्रमांकाच्या गल्लीत रक्कम घेऊन उभा असलेला बाप तिला दिसतो. चिठ्ठीवरचे मुलाचे अक्षर पुन्हापुन्हा न्याहाळणारा बाप क्वचितच दिसतो.