बाई, मी ओरडत नाही!

मुलांनो, आमच्या भिवंडीत थंडी तशी बेताचीच. प्रार्थनेला घातलेले स्वेटर मधल्या सुट्टीत कमरेला बांधलेले असतात! पण शाळेत सध्या नुसती धांदल आहे. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, मग संक्रांत, 26 जानेवारीचं झेंडावंदन. शिवाय वज्रेश्वरीची सहल. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी बांधलेलं तिथलं देऊळ नि जवळच अकलोलीची गरम पाण्याची कुंडं बघायची आहेत. "बाई, त्यात बटाटा उकडेल का हो?" असं आत्तापर्यंत सात जणांनी विचारून झालंय.

तर, जयंतीच्या भाषणासाठी मी मुलं निवडत होते. चौथीतला एक मुलगा उठला नि इतक्या मोठ्यानं बोलायला लागला, की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या. "अरे, किती ओरडतोस!" म्हणून मी त्याला खाली बसवलं.

"बाई, मी ओरडत नाही. घरी हळू बोललं तर आईला ऐकूच येत नाही."

त्याची खोली यंत्रमागाच्या कारखान्याला लागून. रात्रंदिवस खडखडाट. वर्षभर मी त्याला "हळू बोल" म्हणत होते, कारण मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

आता तोच बोलणार आहे. सावित्रीबाई नि जोतीरावांनी 1848 मध्ये पुण्यात काढलेल्या मुलींच्या शाळेची गोष्ट त्यानं पाठ केलीय. त्याच्या आईला पुढं बसवू म्हटलं, तर म्हणतो, "नको बाई, मागंच बसू दे. तिला तिथंही ऐकू जाईल."